कापडावरची चांदी

तेल्हाऱ्याच्या श्रोत्यांपुढे कापसाविषयी बोलणे म्हणजे धाडसच. पेरणीपासून जिनिंगपर्यंतची त्याची सारी कुळकथा आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून आम्ही जिनिंगच्या पुढची गोष्ट सांगणार आहोत. सुती कापडावर चांदी, तांबे किंवा जस्त यांचे अतिसूक्ष्म कण बसवले, तर त्यावर जंतूंची वाढ खुंटते. हे कसे घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा आजचा विषय.

घामाला मुळात फारसा वास नसतो. अंगावरचे जंतू घामातील द्रव्यांवर जगतात आणि त्यातून वास निर्माण होतो. सुती कापड ओल धरते; जंतूंना आणखी काय हवे? प्रश्न केवळ मोज्यांच्या वासाचा असता तर हसून सोडून देता आला असता. परंतु जखमेवरची पट्टी आणि इस्पितळातील चादर यांवरही हेच घडते आणि तेथे प्रश्न जिवाचा असतो.

चांदी जंतूंना मारते, ही गोष्ट जुनीच. भाजलेल्या जखमेवर लावण्याच्या एका प्रचलित पांढऱ्या मलमात चांदीचेच संयुग असते. नवे आहे ते कणांचे आकारमान. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारणतः शंभर नॅनोमीटरांहून लहान असतात. खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, तीच साखर कुटून टाकली तर घटकेत विरघळते. कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. चांदीचेही तसेच. ओल लागताच कणांवरून विद्युद्भारित अणू, म्हणजे आयन, सुटतात. ते जंतूच्या प्रथिनांतील गंधकाशी जखडतात आणि त्याचे जीवनव्यापार थांबवतात.

असे कण करण्याची विद्या आपल्या वऱ्हाडातही आहे. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात डॉ. महेंद्र राय व त्यांचे सहकारी यांनी हे काम चक्क बुरशीकडून करून घेतले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगातली बुरशी सडक्या आल्यावरून घेतलेली होती. बुरशी गाळून उरलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट मिसळले की द्रावण तपकिरी होते. चांदीचे कण तयार झाल्याची ती खूण. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ साली जस्ताच्या ऑक्साइडचे कण स्टार्चच्या साहाय्याने तयार करून सुती कापडावर बसवले. त्या कापडाने जंतूंना आवर घातला, शिवाय उन्हातील अतिनील किरणही अडवले.

येथवर सारे गोड. पण मेख पुढेच आहे. चांदी जंतूंना मारते ती कापडावरून सुटते म्हणून. आणि जी सुटते ती धुण्याच्या पाण्यातही जाते. अमेरिकेत ॲरिझोना येथे २००८ साली चांदीयुक्त मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सारी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. ती मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत व शेतात जाणार. आणि मातीतले उपकारक जंतू व रोगजंतू यांत ती भेद करीत नाही. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली बुरशीने केलेली चांदी सुती कापडावर बसवली, तेव्हा धुण्याच्या पाण्यातून ती परत काढण्याचाही विचार केला, तो यासाठीच. दुसरा धोका जंतूंच्या सवयीचा. बॉस्टनच्या एका इस्पितळात भाजलेल्या रुग्णांत चांदीला दाद न देणारे जंतू आढळल्याची नोंद १९७५ सालीच झाली. क्षुल्लक कारणासाठी चांदी वापरत राहिलो, तर खऱ्या जखमेच्या वेळी ती निकामी ठरण्याचे भय आहे.

तात्पर्य, हे कापड जखमेसाठी आणि इस्पितळासाठी जरूर असावे. दुकानदार ‘जंतुरोधक’ म्हणून सदरा पुढे करील, तेव्हा मात्र विचारावे : कोणता धातू, आणि किती धुण्यांपर्यंत टिकतो? रोजच्या कपड्यांना साबण आणि वऱ्हाडचे ऊन पुरेसे आहे. ज्या संताचे नाव त्या विद्यापीठाला आहे, त्याने स्वच्छतेसाठी हाती खराटाच घेतला होता, हे आपण विसरू नये.