तुटलेल्या कॉइलचे गणित

आमच्या चाळीतल्या एका मावशींकडे कॉइलची शेगडी होती. महिनाअखेर सिलिंडर संपला की तिच्यावरच भात शिजायचा. एकदा कॉइल तुटली. भाच्याने जळलेला तुकडा काढून टाकला, दोन टोकांना पीळ दिला आणि उरलेली कॉइल ताणून खाचेत बसवली. शेगडी पहिल्यापेक्षा लालभडक झाली. घरात आनंदीआनंद! आठव्या दिवशी प्लग वितळला आणि बोर्डातून धूर निघाला. मेन स्विच पाडायला मीच धावलो होतो.

धूर ओसरल्यावर मावशी म्हणाल्या, "अरे, कॉइल तर कमी झाली होती. मग वीज जास्त कशी ओढली?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सातवी-आठवीतल्या मुलाच्या भागाकारात आहे.

नळाचा दाखला घेऊ. टाकी उंचावर असली की पाण्याला जोर येतो. विजेच्या तसल्या जोराला व्होल्ट म्हणतात. आपल्या घरात तो २३० धरतात. पाणी किती वाहते तसा तारेतून प्रवाह किती वाहतो, ते अँपिअर. आणि पाइप बारीक किंवा लांबलचक असला की पाणी अडते, तशी तारेची जी अडवणूक, तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे शक्ती मिळते.

आता मावशींची शेगडी घ्या. ती २००० वॅटची. २००० ला २३० ने भागा : सुमारे ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागा : रोध जवळजवळ २६.४ ओहम. ही कॉइल निक्रोमची असते, तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून हिशेब सरळ आहे.

भाच्याने पाव भाग तोडून टाकला. तारेची लांबी घटली की रोधही त्याच प्रमाणात घटतो, उरला १९.८ ओहम. घरातला दाब मात्र तोच, २३०. त्याला १९.८ ने भागले तर ११.६ अँपिअर. गुणाकार केला तर २६६८ वॅट! कॉइल पाऊण झाली, पण वीज सव्वापटीहून जास्त ओढू लागली. अडवणारा दुबळा झाला तर वाट मोकळीच होणार. तासाला दोन युनिट खाणारी शेगडी आता पावणेतीनच्या आसपास खात होती. (१००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट.)

प्लग होता लहान, ६ अँपिअरचा. खरे तर मूळच्या ८.७ अँपिअरलाही तो अपुराच. शेगडीला मोठा, १६ अँपिअरचा प्लग आणि जाड तार लागते. त्यात पिन सैल. सैल जोडाचा अर्धा ओहम जरी रोध धरला, तरी प्रवाहाचा वर्ग करून त्याला अर्ध्याने गुणा : सुमारे ६४ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत. जुना साठचा पिवळा बल्ब आठवा. तो पेटता असताना हात लावून पाहिला आहे कधी? तेवढी धग प्लास्टिकच्या आत कोंडलेली होती.

आणि फ्यूज? फ्यूज उडालाच नाही. सारखा उडतो म्हणून कोणीतरी त्यात तांब्याची जाड तार घातली होती. त्या शहाण्याला काय म्हणावे!

हा नियम ज्याच्या नावाचा, तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. बाप स्वतःच शिकलेला. त्यानेच मुलांना गणित शिकवले. ओहम पुढे शाळामास्तर झाला. त्या काळच्या बॅटरीचा जोर स्थिर राहीना, म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे एकीकडे उकळत्या पाण्यात आणि दुसरीकडे बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. निष्कर्षांचा ग्रंथ १८२७ साली निघाला. आरंभी मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ले पदक दिले, आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले. तोवर त्याला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

एक खबरदारी. इस्त्री, गिझर, शेगडी यांना हा हिशेब चपखल बसतो. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांना तो जसाच्या तसा लावू नका; मोटरमध्ये प्रवाह आणि दाब यांचा ताल जुळत नाही. त्यांच्या पाटीवर लिहिलेले वॅट आणि अँपिअरच वाचावे. आणि चालू लाइनीवर मोजमाप वायरमननेच करावे.

मावशींनी २००० वॅटची नवी अखंड कॉइल आणली, प्लग मोठा केला, फ्यूजमध्ये योग्य तार घातली. तरी परवा पुन्हा हाक आली : "संध्याकाळी भात लवकर का रे होत नाही?"

त्या वेळी व्होल्टेज १८० वर उतरले होते. १८० ला २६.४ ने भागले, ६.८ अँपिअर. गुणिले १८०, म्हणजे सव्वाबाराशे वॅटच्या आसपास. दाब पाचव्या हिश्शाने घटला, शक्ती मात्र चाळीस टक्क्यांच्या जवळपास गेली.

"म्हणजे बिल तरी कमी येईल?"

"नाही मावशी. तासाला युनिट कमी, पण भात तेवढाच वेळ जास्त खाणार."