पणजीचे माहेर

बडोद्याच्या अकोटा भागात (वऱ्हाडातले अकोट नव्हे, विश्वामित्रीकाठचे अकोटा) एका मराठी कुटुंबाचे घर आशीर्वादित करावयास आम्ही गेलो होतो. चहा घेताना घरच्या वृद्ध आईने विचारले, "फादर, माझ्या पणजीचे माहेर कोणत्या वहीत सापडेल हो?" सासरच्या पिढ्यांची नावे त्यांना मुखोद्गत होती. पणजीचे मात्र केवळ नाव ठाऊक.

त्यावरून आम्हांस मारी गुंडर्ट हिचे स्मरण झाले. जर्मनीतील काल्व गावी १९०२ साली तिने देह ठेवला, तेव्हा ती हेसे घराण्याची सून होती. 'सिद्धार्थ' ह्या कादंबरीचे कर्ते, १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेर्मान हेसे यांची ती आई. परंतु ह्या आडनावाखाली हिंदुस्थानातले कागद चाळले तर ती सापडावयाची नाही! १८७४ च्या पुनर्विवाहापूर्वी ती इझेनबेर्ग होती. तिचा पहिला पती चार्ल्स हा सिंधमधील हैदराबादेस मिशनरी होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडे. सासऱ्यांनी तर हबसाणानंतर प्रत्यक्ष मुंबईत सेवा केली. १८६५ साली लग्न झाले आणि १८७० साली वैधव्य आले. पदरी दोन लहान मुलगे. त्याहीपूर्वीची ती गुंडर्ट. जन्म १८४२ चा, मलबारातील तलश्शेरीचा. मल्याळम शब्दकोश रचणारे हेर्मान गुंडर्ट हे तिचे वडील. वडिलांचे मूळ श्टुटगार्टचे. आई ज्यूली द्युब्वा मात्र फ्रेंच बोलणाऱ्या स्वित्झर्लंडची. म्हणजे जर्मन म्हणून शोधू जावे, तर अर्धे आजोळ भलत्याच देशात.

मारी बालवयातच युरोपात परक्यांच्या हाती सोपविली गेली. मिशनरी कुटुंबांत तशी रीतच होती. आम्हांला ती कठोर वाटते. १८५७ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती आईबापांकडे परतली, तेव्हा ती दोघे तिला जवळजवळ अनोळखीच होती. प्रवासात एका इंग्रज तरुणाशी तिचे मन जुळले. वडिलांनी ते नाते मान्य केले नाही. हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. ते तिच्या पत्रांत व रोजनिशीत होते. मुलगी आडेले हिने ती जपली, म्हणून १९३४ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. मारीचा पंथ आमचा नव्हे, परंतु त्या मुलीचे उपकार कोणीही मानावेत.

आम्ही त्या मातोश्रींना सांगितले : पणजीच्या लग्नाची नोंद आधी शोधा. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची वही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. तिच्यात वधूच्या पित्याचे नाव व मूळचे धर्मग्राम बहुधा मिळते. मग त्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची वही पाहावी. धर्ममातापित्यांची नावे वगळू नका. पुष्कळदा ती आजोळचीच माणसे असतात. नोंद लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असली तरी भिण्याचे कारण नाही, धर्मगुरू वाचून देतील.

एवढे ऐकून त्या उठल्या आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून त्यांनी एक पुडके बाहेर काढले. पणजीच्या भावाने वसईहून धाडलेली पत्रे! गेल्याच महिन्यात नातू ती रद्दीत घालणार होता. एका पत्राच्या माथ्यावर गावाचे नाव स्पष्ट आहे. तिकडच्या धर्मगुरूंना आम्ही लिहिले आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.