कॉफीचा कप आणि हृदयविकार



दुखणं हाताबाहेर गेलं की आपल्याकडची गाडी मुंबईला लागते. परळचं के.ई.एम. रुग्णालय आपल्याला परकं नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्यापैकी कितीकांचे चुलते, मामा, थोरले भाऊ राबले. 1982 च्या संपानंतर बरेचजण गावी परतले, तरी पेशंटबरोबर गेलेल्या माणसाला पाठ टेकायला एखादी खोली तिकडे अजून मिळते. हे रुग्णालय 1926 सालचं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये देशातलं पहिलं हृदयरोपण इथंच केलं. रोगी काही तासच जगला, पण त्या काळी हे धाडस जगात मोजक्याच ठिकाणी झालं होतं.

तर परळहून येताना औषधांच्या पिशवीबरोबर पथ्यंही येतात आणि त्यात "कॉफी बंद" हे हमखास असतं. ते डॉक्टरांनी सांगितलं की शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यानं, हे मात्र नीट आठवत नाही. यात तथ्य किती, असं सभासद विचारतात, म्हणून हे लिहीत आहोत.

कॉफीवरचा हा आळ जुना आहे. 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या काही पाहण्यांत जास्त कॉफी पिणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका अधिक येतो, असं दिसलं. पुढं लक्षात आलं की कॉफी जास्त पिणारा बहुधा सिगारेटही जास्त ओढतो. गुन्हा धुराचा आणि बोट कपाकडे, असा बराचसा प्रकार होता. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही, उलट थोडा कमीच दिसला. म्हणून औषध समजून कॉफी सुरू करावी, असं मात्र कोणी म्हणत नाही.

पण कॉफी कोणती, हे बघायला हवं. गिरगावातल्या चाळीत पाहुण्याला मिळायची ती दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली. दादर-माटुंग्याला उडप्याकडे मिळते ती फिल्टरची. घाईच्या घरात डब्यातली पूड गरम दुधात ढवळली की झालं. नॉर्वेत पूर्वी लोक पूड पाण्यात उकळून पीत. तिथल्या ट्रॉम्सो गावच्या पाहणीत 1983 साली दिसलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त असतं. कॉफीच्या बियांत एक तेलकट द्रव्य असतं, त्याचा हा प्रताप. कागदाच्या फिल्टरमध्ये ते अडकतं, आपल्या चहाच्या गाळणीत अडकत नाही. म्हणून ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी भुकटी खळाखळा उकळून रोज तीन-चार वेळा पिऊ नये. डब्यातल्या विरघळणाऱ्या कॉफीत हे द्रव्य नावालाच असतं.

दुसरं द्रव्य कॅफीन. फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात ते साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम असतं, चहात याच्या निम्म्याच्या आसपास. धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर बाईला 200. भुकटीत चिकोरी मिसळलेली असेल तर कॅफीन तेवढं कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. सवय नसलेल्याचा रक्तदाब कॉफीनं थोडा वेळ चढतो, तेव्हा दाब मोजायच्या आधी अर्धा तास ती घेऊ नका. ज्यांचा दाब 160/100 च्या वर राहतो त्यांनी जास्त जपावं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात, अशा लोकांपैकी रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यूचा धोका, कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. कॉफीनं छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि कप कमी करा.

आता अवघड गोष्ट. ऊस लावणाऱ्यांच्याच अंकात साखर कमी घाला म्हणून लिहायचं, म्हणजे घरचाच खांब हलवल्यासारखं! पण हिशेब हिशेबाच्या जागी. एक चमचा साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. कपाला तीन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम नुसत्या कपातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली मोठ्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या वरच्या साखरेची मर्यादा 50 ग्रॅमच्या आसपास धरली आहे, आणि 25 वर आणता आली तर आणखी चांगलं म्हटलं आहे. मधुमेह आणि हृदयविकार हातात हात घालून येतात. तेव्हा ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी कॉफीपेक्षा चमच्याकडे आधी बघावं. आपला ऊस त्यानं शेतात उभा राहणार नाही!

आणखी एक. कॉफीनं काहींना छातीत जळजळ होते. त्यामुळे खरा झटका आला तरी "पित्त असेल" म्हणून सोडा पीत रात्र काढणारी माणसं आपल्या गावांत आहेत. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात पोहोचा. परळचा विचार नंतर.