अनुगामी डेटाबेस सर्व्हर

मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील माहितीची प्रतिकृती सतत अद्ययावत ठेवणारा दुसरा सर्व्हर. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात पूर आला होता. अशा आपत्तीत दोन्ही सर्व्हर एकदम बंद पडू नयेत म्हणून अनुगामी सर्व्हर दूरच्या शहरात ठेवणे हितावह असते.

मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाची नोंद पाठवितो व अनुगामी सर्व्हर ती क्रमाने लागू करतो. पोस्टग्रेस प्रणालीच्या ९.० या आवृत्तीपासून (२०१०) नोंदी लागू होत असतानाही अनुगामी सर्व्हरवर माहिती वाचता येते. परंतु मुख्य सर्व्हरने काढून टाकलेल्या जुन्या ओळी एखादी दीर्घ पृच्छा वाचत असल्यास संघर्ष उद्भवतो. पृच्छेसाठी थांबल्यास प्रतिकृती मागे पडते. न थांबल्यास पृच्छा रद्द होते. या प्रणालीत सामान्यतः ३० सेकंदांपर्यंतचा विलंब सहन केला जातो. अनुगामी सर्व्हरने चालू पृच्छांची सूचना मुख्य सर्व्हरला दिल्यास पृच्छा बहुधा वाचतात; मात्र जुन्या ओळी साचून मुख्य सर्व्हरचा भार वाढतो.

विलंब फार वाढल्यास आपत्तीच्या वेळी साचलेल्या नोंदी लागू होईपर्यंत सेवा खोळंबते. म्हणून अहवालांसाठी व आपत्कालीन वापरासाठी निरनिराळे अनुगामी सर्व्हर ठेवणे इष्ट ठरते.