सूर्यस्पर्शी धूमकेतू

ज्या धूमकेतूचा उपसूर्य बिंदू (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) सूर्याच्या केंद्रापासून सूर्याच्या सु. साडेतीन त्रिज्यांच्या आत असतो, त्यास सूर्यस्पर्शी धूमकेतू म्हणतात. नाव काहीसे अतिशयोक्त आहे, कारण मोठे सूर्यस्पर्शी धूमकेतू पृष्ठभागापासून काही लक्ष किमी. दूर राहूनच वळसा घेतात. तथापि या अंतरावर सूर्याचे गुरुत्वाकर्षण गाभ्याच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवर असमान पडते आणि बर्फ व धूळ यांचा सैल बांधणीचा गाभा फुटू शकतो. शिवाय प्रचंड उष्णतेने त्यातील खनिज कणांचीही वाफ होते. असा धूमकेतू नेमका कोठे व केव्हा दिसेल आणि किती तेजस्वी दिसेल, हे दोन प्रश्न निरीक्षकापुढे असतात. पहिल्याचे उत्तर गणिताने बरेच अचूक मिळते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तज्ञांचे अंदाजही वारंवार फसलेले आहेत.

कक्षानिश्चिती : १६८० सालचा महाधूमकेतू हा दूरदर्शकाने शोधलेला पहिला धूमकेतू होय. गोटफ्रीट किर्ख यांना तो १४ नोव्हेंबर १६८० रोजी दिसला. सूर्याकडे जाताना दिसलेला आणि डिसेंबरात सूर्यापासून दूर जाताना दिसलेला धूमकेतू एकच, असे फ्लॅमस्टीड यांचे मत होते. न्यूटन यांना प्रथम ते मान्य नव्हते. पुढे ते पटल्यावर त्यांनी या धूमकेतूची कक्षा अन्वस्त (पॅराबोला) मानून काढली व आपल्या प्रिन्सिपिया (१६८७) या ग्रंथात गुरुत्वाकर्षण सिद्धांताचा पुरावा म्हणून मांडली. हॅली यांनी त्याचा आवर्तकाल ५७५ वर्षे ठरविला होता. एंके यांच्या नंतरच्या गणितानुसार मात्र तो हजारो वर्षांचा निघाला.

एवढी मोठी तफावत पडण्याचे कारण कक्षेच्या आकारातच आहे. आकाशातील धूमकेतूच्या स्थानाची किमान तीन निरीक्षणे मिळाली की कक्षेची मूलतत्त्वे काढता येतात. यांपैकी उपसूर्य अंतर, उपसूर्य बिंदूतून जाण्याची वेळ व कक्षेची दिशा ही लवकरच विश्वसनीय होतात. विमध्यता (कक्षेच्या लांबटपणाचे माप) मात्र अशा धूमकेतूंच्या बाबतीत १ च्या अगदी निकट असते आणि आवर्तकाल तिच्या १ पासूनच्या सूक्ष्म फरकावर अवलंबून असतो. उदा., १९६५ सालच्या इकेया-सेकी धूमकेतूचे उपसूर्य अंतर ०·००७८ ज्योतिषशास्त्रीय एकक (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या सु. १२८ व्या भागाइतके) व विमध्यता ०·९९९९१५ होती; त्यावरून आवर्तकाल सु. ८८० वर्षे येतो. विमध्यता ०·९९९८९० धरल्यास तोच सु. ६०० वर्षे होतो. म्हणजे पाचव्या दशांश स्थळी झालेली चूक शतकांचा फरक पाडते.

धूमकेतू फुटला म्हणजे हीच गोष्ट निसर्गात घडते. उपसूर्य बिंदूपाशी इकेया-सेकीचा वेग सेकंदाला सु. ४८० किमी. होता. तेथे एखाद्या तुकड्याच्या वेगात सेकंदाला केवळ १ मी. फरक पडला, तरी त्याचा परतीचा काळ शंभराहून अधिक वर्षांनी बदलतो. सप्टेंबर १८८२ च्या महाधूमकेतूचा गाभा उपसूर्य बिंदू ओलांडल्यावर किमान चार तुकड्यांत विभागला. त्यांचे आवर्तकाल सु. ६७० ते ९५० वर्षे येतात. एकाच दिवशी सूर्याजवळून गेलेली ही भावंडे परत येतील, तेव्हा त्यांच्या येण्यात पिढ्यान् पिढ्यांचे अंतर असेल.

क्रॉइट्स गट : १८४३, १८८० व १८८२ या सालांच्या धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ एकच होत्या; पण ते एकच धूमकेतू पुन्हा पुन्हा येत असणे आवर्तकालामुळे शक्य नव्हते. हाइन्रिख क्रॉइट्स यांनी १८८८ पासून केलेल्या अभ्यासात ते एका मूळ धूमकेतूचे तुकडे असल्याचे दाखविले, म्हणून या कुलाला त्यांचे नाव मिळाले. ब्रायन मार्सडेन यांनी १९६७ मध्ये १८८२ चा धूमकेतू व इकेया-सेकी हे बाराव्या शतकाच्या सुमारास एकमेकांपासून विलग झाले, असे गणिताने दाखविले. ११०६ साली दिसलेला तेजस्वी धूमकेतू त्यांचा जनक असावा. या गटाच्या कक्षा क्रांतिवृत्ताशी मोठा कोन करतात व धूमकेतू दक्षिणेकडून येतात, त्यामुळे दक्षिण गोलार्धातील निरीक्षकांना ते अधिक चांगले दिसतात. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत उपसूर्य बिंदू गाठणारे धूमकेतू मात्र सूर्याच्या पलीकडून येत असल्याने पृथ्वीवरून सहज निसटतात. १७ मे १८८२ रोजी ईजिप्तमध्ये खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याजवळ असाच एक अज्ञात धूमकेतू दिसला. तो पुन्हा कोणी पाहिला नाही.

तेजस्विता : धूमकेतूची तेजस्विता ताऱ्यांप्रमाणे प्रतींमध्ये देतात. प्रतीचा अंक जितका लहान (वा ऋण) तितके तेज अधिक. ती पृथ्वीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या आणि सूर्यापासूनच्या अंतराच्या एखाद्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, असे मानतात. धूमकेतू केवळ प्रकाश परावर्तित करीत असता, तर हा घात २ आला असता. पण तो जवळ येताना वायू व धूळ अधिकाधिक बाहेर टाकतो, म्हणून बहुधा ४ हा घात घेतात. सूर्यस्पर्शी धूमकेतूला हे सूत्र लावताना खरी अडचण येते. १ एककापासून ०·०१ एककापर्यंत येताना घात २ असल्यास १० प्रतींची, तर घात ४ असल्यास २० प्रतींची वाढ होते. दोन भाकितांत दहा हजार पटींचा फरक पडतो. प्रत्यक्ष मापनही सोपे नाही. धूमकेतू पसरट दिसतो, म्हणून तुलनेचे तारे दूरदर्शकात मुद्दाम अस्पष्ट करून अंदाज घेतात. दिवसाच्या प्रकाशात तर तुलनेसाठी तारेच नसतात.

इकेया-सेकी सूर्यापाशी सु. -१० प्रतीपर्यंत पोहोचला व हाताने सूर्यबिंब झाकून भरदिवसा पाहता आला. त्याच्या वर्णपटात लोह, निकेल व तांबे यांच्या रेषा आढळल्या. याउलट आयसन धूमकेतूची कथा आहे. नेव्हस्की व नोविचोनोक यांनी २१ सप्टेंबर २०१२ रोजी तो सूर्यापासून सु. ६·३ एकक अंतरावर असताना शोधला. तेवढ्या दूरही तो बराच क्रियाशील असल्याने तो पूर्ण चंद्राइतका तेजस्वी होईल, असे काहींनी जाहीर केले. परंतु सूर्याजवळ प्रथमच येणाऱ्या धूमकेतूवरील अतिबाष्पनशील बर्फे दूरवरच उडून जातात व नंतर वाढ मंदावते, हा अनुभव जुना आहे. त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. आयसनची कक्षा पूर्ण बरोबर निघाली, पण २८ नोव्हेंबर २०१३ रोजी उपसूर्य बिंदूपूर्वी काही तासच त्याचा गाभा विखुरला.

टेरी लव्हजॉय यांनी २७ नोव्हेंबर २०११ रोजी ऑस्ट्रेलियातून शोधलेला क्रॉइट्स गटातील धूमकेतू टिकणार नाही, असा सर्वसाधारण कयास होता. तो १६ डिसेंबरला पृष्ठभागापासून सु. १ लक्ष ४० हजार किमी. अंतरावरून गेला आणि बाहेर आला. दीड-दोन दिवसांनी मात्र त्याचा गाभा नष्ट होऊन शीर्षहीन पुच्छ तेवढे उरले. मोजावयास गाभाच नसल्याने सेकॅनिना व चोडास यांनी पुच्छाच्या मध्यरेषेवरून त्याचे स्थान अनुमानले व आवर्तकाल सु. ७०० वर्षे काढला.

अवकाशीय निरीक्षण : कृत्रिम उपग्रहावरील किरीटदर्शकाने (सूर्यबिंब झाकून सभोवतालचे क्षेत्र दाखविणाऱ्या उपकरणाने) सूर्यस्पर्शी धूमकेतू प्रथम ऑगस्ट १९७९ मध्ये टिपला. २ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या सोहो यानाच्या प्रतिमांत मार्च २०२४ पर्यंत ५,००० हून अधिक धूमकेतू सापडले. त्यांतील बहुसंख्य क्रॉइट्स गटाचे असून अनेक हौशी निरीक्षकांनी ओळखले आहेत. यांतील स्थानमापन स्थूल असल्याने विमध्यता सामान्यतः १ मानूनच कक्षा काढतात. हे लहान धूमकेतू सु. १० ते १४ सौर त्रिज्यांवर सर्वांत तेजस्वी होतात व मग मंद होत नाहीसे होतात. पृथ्वीवरून आधी दिसलेला अ‍ॅटलास धूमकेतूही (शोध २७ सप्टेंबर २०२४, हवाई) याला अपवाद ठरला नाही. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी उपसूर्य बिंदू गाठण्यापूर्वीच तो विरून गेला.