ऑफिसचा गोगलगाय लॅपटॉप

दोस्तांनो, माणिकपूरहून रोज वसई रोड स्टेशन गाठणारी आई ऑफिसचा लॅपटॉप घरी आणते. तो सुरू होईतो चहा उकळून होतो! असं का बरं?

लॅपटॉपमधली रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान, की सारखं कपाटाकडे धावायचं! जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते, तरी मागेच पडते. फिरणारी तबकडीच नसलेली एसएसडी मात्र चपळ! पण यंत्र ऑफिसचं; आईला ती परस्पर बदलता येत नाही.

मग? नको ते प्रोग्रॅम बंद करायचे. उशीवर ठेवायचा नाही. हवा कोंडली, की तो तापून आणखी मंदावतो. आणि त्यावर गेम? मुळीच नाही! लॅपटॉप रखडला, की आईचीच झोप बुडते, बरं का!