दार कुणासाठी उघडायचं?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांच्या एका संघटनेची वेबसाइट नव्यानं करायची होती. मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. जुनी वेबसाइट मी शेजारच्या काकूंना दाखवली. त्यांच्या दारात चार उस्मानाबादी शेळ्या. अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, सभासदत्वाचे फॉर्म... काकू वैतागल्या, "अगं, करडांना पीपीआरची लस कधी टोचायची, ते कुठंय?"

कुठंच नव्हतं! पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची जीवघेणी साथ. करडू तीन महिन्यांचं झालं की लस देता येते. एवढी साधी माहिती, पण नसली तर गोठा रिकामा होतो.

मग पहिल्याच पानावर तीन मोठी बटणं केली: पशुपालक, डॉक्टर, विद्यार्थी. पशुपालकांसाठी सोप्या मराठीत लसींची माहिती आणि १९६२ हा मोफत फोन नंबर. फॉर्म गेले डॉक्टरांच्या पानावर. २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. म्हणून शोधणाऱ्याला सापडावं यासाठी दोन्ही नावं घातली.

काकूंचं बोट या खेपेला नेमकं लसीवर गेलं.

मैत्रिणींनो, एकाच पंगतीत आपण आजीला मऊ भात आणि पोरांना बिनतिखटाचं वाढतोच ना? वेबसाइटचंही तसंच!